नॅनोरोबोटच्या नावाने चाललेल्या विक्रीवर बोला : नाशिकच्या डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
नाशिक शहर व जिल्ह्यातील डॉक्टर मंडळी आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रात घालून घरोघरी टाकलं जाणारं एक पत्रक तुमच्याही दारात येऊन पडलं असेल. गुळगुळीत कागद, त्यावर लालभडक रक्तवाहिनी आणि तिच्यातून चालत जाणारा सहा पायांचा चंदेरी कोळी. खाली ठळक अक्षरांत : 'नॅनोरोबोट थेरपी. एका इंजेक्शनमध्ये लाखो रोबोट. ब्लॉकेज, मधुमेह, कॅन्सर, सगळं शस्त्रक्रियेविना.' त्याखाली शिबिराचा पत्ता आणि दोन-तीन डॉक्टरांची नावं, पदव्यांसकट.

मी पंचवटीत मेडिकल चालवते. फार्मसीची पदवी घेतली तेव्हापासून औषधांच्याच व्यवसायात आहे. हे पत्रक घडी घालून खिशात ठेवलेली माणसं माझ्या काउंटरला येतात. कुणी सिन्नरचं असतं, कुणी कळवणचं, कुणी पेठहून सकाळच्या एसटीने आलेलं. विचारतात, "मॅडम, हे खरंय का? घ्यावं का?" मी नाही म्हणते, कारणही सांगते. पण माझं सांगणं हे शेवटी एका दुकानदाराचं सांगणं. पत्रकावर डॉक्टरांची नावं आहेत, माझ्याकडे काय आहे? तुमच्यातल्या कुणी आजवर या पत्रकाबद्दल चार ओळी जाहीरपणे लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे.

यात माझं स्वतःचं माणूसही पोळलं आहे, ते आधी सांगते. माझ्या थोरल्या भावाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. गालाच्या आतली जखम भरेना म्हणून बायोप्सी केली, तर कॅन्सर निघाला. सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं : गाठ लहान आहे, मानेत उतरलेली नाही, लगेच काढू. दादा म्हणाला, छाटणी उरकू द्या. त्या दिवसांत कुणीतरी त्याच्या हातात हे पत्रक दिलं. तोंड कापायचं नाही, चेहरा बिघडायचा नाही, केस गळायचे नाहीत, असं ऐकल्यावर कुठला माणूस मोहात पडणार नाही? मला न सांगता तो तिकडे जायला लागला. बागेसाठी बाजूला काढलेले पैसे तिकडे गेले.

मला कळलं ते वहिनीमुळे. तिने एक रिकामी बाटली पिशवीतून माझ्यासमोर काढून ठेवली. साधी काचेची छोटी व्हायल, वर रबरी बूच, ॲल्युमिनियमचं सील. अंगावर संगणकावर छापलेलं स्टिकर, त्यावर 'नॅनो'ने सुरू होणारं नाव आणि एक चमकणारा होलोग्राम. मी बाटली फिरवून फिरवून पाहिली. बॅच नंबर नाही. उत्पादनाची तारीख नाही, मुदत संपण्याची तारीख नाही. कंपनीचा पत्ता नाही, उत्पादन परवान्याचा क्रमांक नाही. आत कुठलं द्रव्य, किती मिलिग्रॅम, काही नाही. डोकेदुखीच्या दोन रुपयांच्या गोळीवरसुद्धा हे सगळं छापलेलं असतं, कारण तसं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. बिलावर औषधाचं नाव नव्हतंच, 'सेशन चार्जेस' एवढंच होतं. वहिनी म्हणाली, "अहो, त्यांनी पडद्यावर दाखवले ना रोबोट फिरताना."

पुन्हा स्कॅन केला तेव्हा आजार मानेतल्या गाठींपर्यंत गेला होता. आता शस्त्रक्रिया झाली, ठरली होती त्यापेक्षा बरीच मोठी, आणि रेडिएशन सुरू आहे. मी त्या केंद्राचं नाव इथे घेत नाही. बाटली आणि बिल मी जपून ठेवलं आहे, रीतसर तक्रारही केली आहे, तिचं जे व्हायचं ते तिथे होईल. माझं आजचं म्हणणं तुमच्याशी आहे.

माझी पहिली तक्रार ही, की नॅनोरोबोट म्हणजे नेमकं काय आणि ते आज कुठवर आलेत, हे तुम्ही लोकांना सांगितलेलं नाही. तुमच्यासाठी हे नवं नसेल, पण हे पत्र पेशंटही वाचणार आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

कल्पना जुनी आहे. १९५९ साली भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका व्याख्यानात आल्बर्ट हिब्ज या आपल्या मित्राची कल्पना सांगितली होती : इतका छोटा सर्जन बनवायचा की तो गिळताच यावा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपली तांबडी रक्तपेशीच सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते, आणि ज्यांना खऱ्या अर्थाने नॅनोरोबोट म्हणतात ते साधारण शंभर किंवा काहीशे नॅनोमीटरचे. पत्रकात लिहिलंय की या रोबोटला कॅमेरा आहे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच चारशे ते सातशे नॅनोमीटर असते. मग शंभर नॅनोमीटरच्या वस्तूत कॅमेरा बसवणार कुठे? आणि वहिनीला पडद्यावर जे दाखवलं तो तयार केलेला व्हिडिओ होता, कारण सोनोग्राफीत एकेकटा नॅनोरोबोट दिसूच शकत नाही.

प्रयोगशाळेत जे खरोखर घडतंय ते त्या चंदेरी कोळ्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे, आणि ते सांगायला मला मनापासून आवडतं. २००६ मध्ये पॉल रोथमंड यांनी डीएनएच्या लांब धाग्याला घड्या घालून हवा तो आकार करता येतो, हे दाखवलं. २०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी त्याच पद्धतीने डीएनएची छोटी पेटी केली. तिला डीएनएचीच कुलपं. समोरच्या पेशीवर ठरलेली खूण सापडली तरच कुलूप उघडतं आणि आतलं औषध पेशीला भिडतं. २०१८ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ९० बाय ६० नॅनोमीटरची डीएनएची चादर गुंडाळून तिच्या पोटात थ्रॉम्बिन ठेवलं. थ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठवणारं द्रव्य. ही गुंडाळी ट्यूमरच्या रक्तवाहिनीतल्या एका विशिष्ट प्रथिनाला भेटल्यावर उघडायची, तिथल्या तिथे गुठळी व्हायची आणि ट्यूमरचा रक्तपुरवठा तुटायचा. यात ना मोटर होती, ना बॅटरी. ट्यूमर आकसले ते उंदरांचे. २०२४ च्या सुरुवातीला बार्सिलोनाच्या गटाने लघवीतल्या युरियावर चालणारे सिलिकाचे कण केले. त्यांच्यावर युरिया तोडून कणांना पुढे ढकलणारं युरिएज हे एन्झाइम, सोबत ट्यूमर मारायला किरणोत्सारी आयोडीन. एका डोसमध्ये मूत्राशयाचा ट्यूमर जवळपास ९० टक्क्यांनी कमी झाला. तोही उंदरांतच.

आपल्या देशातही काम चालू आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष यांच्या गटाने लोखंडाचा थर दिलेले, स्क्रूसारख्या पिळाचे सिलिकाचे नॅनोबॉट चुंबकाने फिरवले. २०२२ मध्ये त्यांनी दाखवलं की हे नॅनोबॉट दाताच्या आतल्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये खोलवर नेता येतात आणि तिथे उष्णता निर्माण करून रूट कॅनालनंतरही दडून बसणारे जंतू मारता येतात. हे प्रयोग काढलेल्या दातांवर केले होते. आमच्या डेंटिस्ट बांधवांनी हे काम अवश्य वाचावं, माझ्या मते पेशंटच्या उपयोगाला लवकर येण्याची शक्यता असलेल्या कामांपैकी ते एक आहे.

तो स्क्रूचा पीळ का लागतो, यातच या विषयाची सगळी अडचण आहे. १९७७ मध्ये एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने ती मांडली. एवढ्या लहान वस्तूसाठी पाणी पाण्यासारखं राहत नाही, घट्ट मधात हातपाय मारावेत तसं होतं. हात पुढे नेला आणि त्याच वाटेने मागे आणला, तर वस्तू होती तिथेच राहते. म्हणून जिवाणू शेपटी पिळून पुढे सरकतात आणि आपल्या संशोधकांनीही पीळच निवडला. त्यात भोवतालचे रेणू अखंड धडका देत असतात. वर रक्ताचा प्रवाह. तो पार केला तर यकृत आणि प्लीहा परकी वस्तू वेचून बाहेर काढायला टपलेली असतातच. २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांचे शोधनिबंध चाळून हिशेब मांडला : शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी ट्यूमरपर्यंत पोहोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण अवघं ०.७ टक्के. शंभरातला एकही नाही. काम संपल्यावर हे कण शरीरातून जाणार कसे, उंदराभोवती फिरवलेलं चुंबक साठ-सत्तर किलोच्या माणसाला कसं पुरणार, कोट्यवधी कण एकसारखे कसे बनवणार, हे प्रश्न अजून सोडवले जात आहेत. शास्त्रज्ञ हे प्रश्न लपवत नाहीत. पत्रकवाले लपवतात.

यातलं मधुमेहाला, हृदयाच्या ब्लॉकेजला किंवा तोंडाच्या कॅन्सरला आज दवाखान्यात मिळणारा मान्यताप्राप्त उपचार म्हणावं असं काहीही नाही. हे एवढं एक वाक्य तुमच्या लेटरहेडवर आलं असतं, तर माझ्या भावाने ते वाचलं असतं.

दुसरी तक्रार छोटी आहे. गुडघ्याच्या आणि पोटाच्या रोबोटिक शस्त्रक्रियेचे फलक शहरात लागलेले असतात. ते तंत्र खरं आहे : मोठं यंत्र, त्याचे हात, आणि ते चालवणारा सर्जन. पण पेशंटच्या मनात हा रोबोट आणि तो रोबोट एकच झालाय. "एवढ्या मोठ्या हॉस्पिटलातसुद्धा रोबोट आहे की," असं मला ऐकवलं जातं. तुमच्या जाहिरातींमुळे झालेला हा गोंधळ तुम्हीच दूर करायला हवा.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त लागते. खरी नॅनो-औषधं तुम्ही आणि आम्ही वर्षानुवर्षं वापरतो आहोत. कॅन्सरचीच दोन औषधं घ्या : स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पिशवीत भरलेलं डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं, अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ मध्ये. पुण्यात बनलेल्या कोरोनाच्या एमआरएनए लशीतही स्निग्ध नॅनोकणच वापरले होते. आणि २०२१ चा मे महिना तुम्ही विसरला नसाल. म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे पेशंट, आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी, म्हणजे तशाच स्निग्ध पिशव्यांत भरलेल्या बुरशीवरच्या औषधासाठी गावभर वणवण करणारे नातेवाईक. त्या पिशव्या शंभर नॅनोमीटरहूनही लहान, त्यामुळे औषध बुरशीपर्यंत जातं आणि किडनीला जुन्या ॲम्फोटेरिसिनइतकी इजा होत नाही. साठ किलोच्या माणसाला किलोमागे पाच मिलिग्रॅम धरले, तर पन्नास मिलिग्रॅमच्या सहा व्हायल रोज लागायच्या. ती पिवळी पूड इंजेक्शनच्या निर्जंतुक पाण्यात जोराने हलवून मिसळायची, फिल्टरमधून काढून डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायची, सलाइनमध्ये चुकूनही नाही. ही माहिती त्या दिवसांत तुम्ही नातेवाइकांना रात्री-अपरात्री फोनवर समजावून देत होता. औषध काय आहे, का लागतं, काय त्रास होऊ शकतो, मिळालं नाही तर दुसरा मार्ग कोणता, सगळं. अनेकांचे डोळे वाचले, जीव वाचले, ते औषधामुळे आणि तुमच्या त्या बोलण्यामुळे. तेव्हा एवढं बोलणारे तुम्ही आज गप्प का आहात?

आता तर उलटाच परिणाम दिसतोय. मध्यंतरी एका बाईंनी कॅन्सरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं नॅनो-औषध घ्यायला नकार दिला. म्हणाल्या, "नॅनोवाल्यांनी आमच्या शेजाऱ्याला फसवलं." खोट्याने खऱ्यावरचाही विश्वास घालवला.

चौथी तक्रार पत्रकावरच्या नावांबद्दल. तुमच्या व्यवसायातल्या माणसांनी आपली पदवी तिथे छापू दिली. एका ज्येष्ठ डॉक्टरांना मी हे दाखवलं, तर ते म्हणाले, "माझ्याकडे येणारा पेशंट मी नीट बघतो. दुसऱ्याच्या भानगडीत मी कशाला पडू?" मला त्यांच्याबद्दल आदर आहे, त्यांच्याकडे मी स्वतः उपचार घेतलेत. तरीही मला त्यांचं म्हणणं पटलं नाही. फसलेला पेशंट शेवटी तुमच्याकडेच येतो, फक्त तोवर आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो आणि खिसा रिकामा झालेला असतो. मग ही भानगड दुसऱ्याची कशी?

कायदा नाही, असंही नाही. कॅन्सर, मधुमेह अशा आजारांवर उपचाराचा दावा करणारी औषधांची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने निषिद्ध आहे. नवं औषध माणसांवर तपासायचं तर २०१९ च्या नियमांप्रमाणे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत करावी लागते. ही नोंद इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. नॅनो-औषधांचं मूल्यमापन कसं करायचं, याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, सुरगाण्याच्या शेतमजुराला माहीत असण्याचं कारण नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या शब्दांत लिहिते.

संघटनांनी एकत्र येऊन एक पानाचं मराठी निवेदन काढावं : नॅनोरोबोट हे संशोधन आहे, भारतात कोणत्याही आजारावर त्याला उपचार म्हणून मान्यता मिळालेली नाही, आणि त्यासाठी चालू उपचार थांबवू नका. हे निवेदन प्रत्येक ओपीडीत, सरकारी दवाखान्यात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लागावं. छापायचा खर्च आम्ही मेडिकलवाले वाटून घेऊ, मी काहीजणांशी बोलले आहे.

ज्या डॉक्टरांची नावं अशा पत्रकांवर आहेत त्यांना संघटनेने लेखी विचारणा करावी. नाव परवानगीशिवाय छापलं असेल तर त्यांनी तसं जाहीर करावं आणि तक्रार नोंदवावी. परवानगी दिली असेल तर ती मागे घ्यावी.

फसलेला पेशंट तुमच्याकडे आला की त्याच्यावर रागावू नका. तो लाजेने अर्धं सांगत नाही. त्याच्याजवळची बाटली, बिल, पत्रक जपून ठेवायला सांगा, केस पेपरवर नोंद करा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला त्याला मदत करा. डॉक्टरांच्या नोंदीमुळे तक्रारीला जे वजन येतं ते आमच्या अर्जाला येत नाही.

पेशंटने कुठल्याही नव्या उपचाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात, हे तुमच्या तोंडून त्याला कळू द्या. या औषधाला मंजुरी कुणाची? चाचणी असेल तर रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक काय? आणि बाटलीवर बॅच नंबर व उत्पादन परवाना आहे का? तिसरा प्रश्न तर अंगणवाडीताईसुद्धा तपासून सांगू शकतील.

शेवटची मागणी उद्यासाठी आहे. खरे नॅनोरोबोट एक दिवस माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत येतील, अशी माझी मनापासून आशा आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे, तेव्हा अशा चाचण्या आपल्या जिल्ह्यातही याव्यात असं मला वाटतं. त्या वेळी संमतिपत्र पेशंटला समजेल अशा मराठीत असावं आणि आदिवासी भागात त्यांच्या बोलीत समजावून सांगितलं जावं. चाचणीच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेतले जाऊ नयेत. इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे आधी सांगितलं जावं. याची तयारी आतापासून करा, कारण आज ज्यांना खोटे रोबोट विकले जात आहेत त्यांच्याच घरातली माणसं उद्या खऱ्या चाचणीसाठी तुम्हाला हवी असतील.

अशा आणखी एका शिबिराची पत्रकं जिल्ह्यात वाटायला सुरुवात झाली आहे. ते शिबिर भरायच्या आत तुमचं निवेदन लोकांच्या हाती पडलं पाहिजे. मसुद्यासाठी फार्मासिस्ट म्हणून माझी जी मदत लागेल ती मी करेन. दादाची बाटली आणि बिल पाहायचं असेल, तर माझ्या दुकानात कधीही या.

आपली,
एक फार्मासिस्ट
पंचवटी, नाशिक